शाळेच्या गेटपासून परत आलात, आता आत जा

पत्र थोडं कापून देते, ओळख पटेल असं सगळं काढलंय. त्यातलं एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्या माणसांनी एकमेकांसाठी चालवलेला गट.

"ताई, मी नाशिकचा, वय ४१, एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, शिफ्ट ड्युटी. दारू सोडून आज १९ दिवस झाले. याच्या आधी चार वेळा सोडली होती. एकदा मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, एकदा पंढरपूरला जाऊन माळ घातली, पाच महिन्यांनी ती काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि त्याच रात्री प्यायलो. यावेळी डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि एएच्या मीटिंगला जा म्हणाले. मागच्या मंगळवारी गेलो. एका शाळेत असते. गेटपाशी गाडी लावली आणि समोर मुलीच्या ट्यूशनच्या सरांची गाडी उभी. तसाच मागे फिरलो. आपली अब्रू जाईल असं वाटलं. तिथं सगळ्यांसमोर बोलावं लागतं का? कोणी म्हणतं ते ख्रिश्चन लोकांचं असतं, खरं का? पैसे किती घेतात? बायको म्हणते मी पण येते, नेऊ का? आणि दहा दिवसांवर गटारी आलीये, ग्रुपवर आत्ताच मेसेज सुरू झालेत."

दादा, सगळ्यात आधी त्या गाडीचं बोलूया, कारण बाकीचे प्रश्न सोपे आहेत, अडलंय ते त्या गाडीपाशी.

सर तिथं कशाला आले होते ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. शाळेच्या कामाला आले असतील, कोणाला सोडायला आले असतील. पण समजा तुम्हाला वाटलं तेच खरं असेल, तर जरा विचार करा, सर त्या खोलीत बसलेत म्हणजे तेही कधीतरी त्याच गेटपाशी गाडी लावून उभे राहिले असणार आणि त्यांच्याही पोटात तसाच गोळा आला असणार. त्या खोलीत जो तुम्हाला बघणार तो स्वतःही तिथंच बसलेला असणार ना. तो बाहेर जाऊन काय सांगणार, की मी दारूच्या मीटिंगला गेलो होतो तिथं हे भेटले? अनॉनिमस म्हणजे अनामिक हा शब्द नावातच घातलाय तो याच्यासाठी. आडनाव विचारत नाहीत, कंपनी विचारत नाहीत, रजिस्टरवर सही नाही. तिथं कोण दिसलं आणि काय ऐकलं ते तिथंच ठेवायचं. तुमच्या पत्रात सरांच्या गाडीचा रंग आणि सर कुठला विषय शिकवतात हे सगळं होतं, मी ते खोडलं, बायकोलासुद्धा तुम्ही ते सांगायचं नाही. सर तुमच्याबद्दल हेच पाळतील.

आणि अब्रूचं म्हणाल तर, रागावू नका, पण प्यायल्यावर कॉलनीत जे दिसत होतं ते सगळ्यांनी आधीच बघितलंय. लपलेलं फक्त एकच आहे, की तुम्ही सोडायचा प्रयत्न करताय.

मी हे वरवरचं बोलत नाही. माझा मोठा भाऊ अकरा वर्षं झाली प्यायलेला नाही, त्याच्या आधीची नऊ वर्षं आमच्या घरानं काय काढली ते आम्हाला माहीत. त्याच्या परवानगीनं लिहितेय, नाव अर्थातच नाही. सोडल्यावर एक वर्ष झालं की तिथं त्याला बर्थडे म्हणतात, मेडल देतात, त्या दिवशीची मीटिंग ओपन होती म्हणून मी आणि आई गेलो. महापालिकेच्या शाळेतला चौथीचा वर्ग, फळ्यावर दुपारची अपूर्णांकांची गणितं तशीच, आणि त्या छोट्या छोट्या बाकांवर पन्नाशीचे बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. दाराजवळ एक काका चहा ओतत होते. सगळ्यांना कप भरून, पण कोपऱ्यात बसलेल्या एका पोराला अर्धाच दिला. मला वाटलं चहा संपत आला असेल. नंतर भाऊ म्हणाला, तो आजच पहिल्यांदा आलाय, त्याचे हात थरथरतायत, भरलेला कप सांडला असता तर तो परत आला नसता. काकांनी पाचच मिनिटांनी जाऊन उरलेला अर्धा कप त्याला दिला, काही न बोलता. दादा, मी त्या दिवशीपर्यंत भावाला उपदेश करून करून दमले होते, आणि तो अर्धा कप बघून मला कळलं की हे जे काकांना कळलं ते मला जन्मात कळलं नसतं, कारण माझे हात कधी तसे थरथरले नाहीत.

ही मीटिंग सुरूच मुळात अशी झाली. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याच्या कामाला गेला होता, काम फिसकटलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, संध्याकाळची वेळ, हॉटेलच्या लॉबीत एकटा, एका बाजूनं बारमधला हसण्या-बोलण्याचा आवाज येतोय. म्हणजे बघा, तुमच्या गेटसारखंच. त्यानं बारकडे न जाता फोन उचलला, चर्चच्या यादीतल्या नंबरांवर फोन लावत गेला, आणि त्याला हवं काय होतं तर दुसरा एखादा दारुडा, ज्याच्याशी बोलता येईल. तसा माणूस मिळाला, डॉ. बॉब स्मिथ, तिथलेच सर्जन, तेही पिऊन पिऊन संपत आलेले. डॉक्टर म्हणाले होते पंधरा मिनिटं देतो, बसले कित्येक तास. बॉबनी शेवटचा पेग १० जून १९३५ ला घेतला, आणि एए तीच आपली सुरुवात मानतं. आपल्याकडे हे १९५७ मध्ये आलं आणि भारतातलं मुख्य ऑफिस मुंबईत भायखळ्याला आहे. सांगायचं एवढ्यासाठी की तुम्हाला तिथं कोणी सुधारवायला बसलेलं नाही. समोरचा तुमच्याशी बोलतो कारण तुमच्याशी बोलल्यानं तो स्वतः कोरडा राहतो. त्याच्यावर तुमचे उपकार होतात म्हणा हवं तर.

आता आत गेल्यावर काय होतं ते सांगते, म्हणजे मनातली भीती जाईल. तास-दीड तासाचं असतं. कोणीतरी एक जण त्या दिवसापुरता चेअरपर्सन, तो सुरुवातीला थोडं वाचून दाखवतो, एए काय आहे वगैरे. मग एकेक जण बोलतो, याला शेअरिंग म्हणतात, आधी नाव सांगायचं, मी अल्कोहोलिक आहे म्हणायचं, सगळे नमस्कार किंवा हाय म्हणतात, आणि मग तो आपलं आपलं सांगतो. पूर्वी कसा होतो, काय झालं, आता कसं चाललंय. मध्ये कोणी तोंड घालत नाही, तू असं करायला हवं होतंस असं कोणी म्हणत नाही. आपल्याकडे चार माणसं जमली की पाचव्याला अक्कल शिकवतात, ते तिथं नाही, आणि पहिल्या दिवशी भावाला सगळ्यात जास्त आश्चर्य याचंच वाटलं होतं. नवीन कोणी आहे का असं विचारतात, हात वर करावासा वाटला तर करा, नाहीतर गप्प बसा. तुमची पाळी आली तर नुसतं नाव सांगून "आज ऐकायला आलोय" म्हणायचं, बास. माझा भाऊ पहिल्या सहा मीटिंगांत एक अक्षर बोलला नव्हता आणि कोणी त्याला एका शब्दानं टोकलं नाही. शेवटी सगळे उभे राहून एक छोटी प्रार्थना म्हणतात, जे बदलता येत नाही ते स्वीकारायला शांती मागायची, बदलता येतं त्यासाठी धैर्य, आणि दोन्हीतला फरक कळायची बुद्धी.

पैसे नाहीत. फी नाही, वर्गणी नाही. एक थैली किंवा डबा फिरतो, चहा-बिस्किटं आणि जागेच्या भाड्यासाठी, मेंबर यथाशक्ती टाकतात, बाहेरच्या कोणाकडून देणगी घेतच नाहीत, तो त्यांचा नियम आहे. पहिल्या दिवशी तुम्ही टाकूच नका, डबा पुढे सरकवा. मेंबर व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. अजून सुटली नाही तरी चालतं, इच्छा पाहिजे.

ख्रिश्चन लोकांचं असतं हे का म्हणतात ते सांगते. सुरुवात तिकडे झाली, आणि मुंबई-गोव्यात बऱ्याच मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये होतात कारण चर्चनं जागा दिली. पण कुठल्याही धर्माशी ते बांधलेले नाहीत. दारू सोडून राहण्याचे त्यांचे जे बारा टप्पे आहेत, ज्यांना बारा पायऱ्या म्हणतात, त्यांत देवाचा उल्लेख आहे हे खरं, पण लगेच पुढे म्हटलंय की ज्याला जसा समजला तसा. कोणी विठोबाला मानतो, कोणी काहीच मानत नाही आणि म्हणतो की ही वीस माणसं जमून न पिता बसलीयत हीच माझ्यापेक्षा मोठी शक्ती. तुम्ही माळ घातली होती ना? ती वाया गेली असं समजू नका. माळेनं आपल्याकडे कितीतरी घरं वाचलीयत, मी स्वतः बघितलीयत. पण ज्यांची टिकली त्यांना बघा, त्यांच्याबरोबर दिंडी असते, भजनी मंडळ असतं, एकादशीला दहा जण विचारणारे असतात. तुम्ही माळ घालून घरी आलात आणि एकटेच बसलात. मुलीच्या डोक्यावरच्या शपथेचंही तेच, आणि ती शपथ तर परत कधीच घेऊ नका, मोडली की आपण पितो आणि पोरगी मात्र मनात घाबरते की आता मला काहीतरी होणार. तिथं जन्मभराची शपथ कोणी घ्यायला लावत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही. उद्याचं उद्या. शिफ्ट ड्युटीवाल्याला हे लगेच समजेल, आजची शिफ्ट संपवायची, पुढच्या महिन्याच्या शिफ्टा आज करता येत नाहीत.

मीटिंग कुठं, कधी, हे आधी फोन करून पक्कं करा. एएच्या भारताच्या वेबसाइटवर शहरांप्रमाणे माहिती आणि हेल्पलाइन मिळते, फोन केला की तुमच्याच गावातल्या मेंबराशी गाठ घालून देतात, त्याला तीन गोष्टी विचारा, मराठीत असते का, ओपन आहे का क्लोज्ड, आणि या आठवड्यात जागा तीच आहे का, कारण शाळांना सुट्ट्या लागल्या की घोळ होतो. क्लोज्ड म्हणजे फक्त ज्याला दारूचा त्रास आहे त्याच्यासाठी, ओपनला घरचे, डॉक्टर, कोणीही येऊ शकतं. आणि त्या मेंबराला सरळ सांगा की मी गेटपर्यंत येऊन परत गेलोय, मला घ्यायला गेटवर या. येतात हो, आनंदानं येतात, हे काम त्यांच्या लेखी मीटिंगपेक्षा मोठं असतं. सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात झूमवरच्या मीटिंगा आहेत, लॉकडाऊनपासून त्या खूप वाढल्या, पण माझं मत विचाराल तर सुरुवातीला खुर्चीवर जाऊन बसलेलं बरं. मोबाइलवर कॅमेरा बंद करून माणूस कुठंही निघून जातो. पहिली मीटिंग आवडली नाही तर दुसऱ्या ग्रुपला जा, तिसऱ्याला जा. प्रत्येक ग्रुपची माणसं वेगळी, कुठं फार वाचन करतात, कुठं एकच माणूस बोलत सुटतो. निदान सहा मीटिंगा झाल्याशिवाय हे आपल्यासाठी नाही असं ठरवू नका. जुने लोक तर नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा म्हणतात, तुम्हाला शिफ्ट सांभाळून आठवड्याला तीन जमल्या तरी खूप. काही दिवसांनी एखाद्याचं बोलणं तुम्हाला स्वतःचंच वाटेल, त्याला स्पॉन्सर व्हाल का विचारा, म्हणजे रात्री अकराला तलफ आली की फोन कोणाला करायचा हे ठरलेलं असतं. निघताना दोन-तीन नंबर घ्याच, आणि तलफ नसतानाही एकदा लावून बघा, म्हणजे गरजेच्या वेळी हात अडखळणार नाही.

हे उपयोगी पडतं का, नुसतं भावनेचं आहे का, असंही मनात येत असेल. २०२० मध्ये कोक्रेननं, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी जी संस्था आहे तिनं, २७ अभ्यास घेतले, साडेदहा हजारांवर माणसं, आणि ज्यांना नीट पद्धतशीरपणे एएशी जोडून दिलं त्यांच्यात पूर्ण कोरडं राहण्याचं प्रमाण इतर उपचारांच्या बरोबरीनं किंवा जास्त निघालं. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, तसं कुठलंच औषध नाही.

औषधावरून आठवलं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या. तिथं एखादा सांगेल की गोळ्या सोड, मीटिंग पुरे, त्याचं ऐकू नका, एए स्वतः उपचार करत नाही आणि औषधाबद्दल ठरवायचा हक्क डॉक्टरांचा. अजून एक फार महत्त्वाचं. तुमचे १९ दिवस झालेत म्हणजे सोडल्यानंतरचा अंगावर येणारा काळ मागे पडला. पण देव न करो, पुन्हा सुरू झाली आणि रोजची झाली, तर घरात कोंडून घेऊन एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास होणं, बरळणं, ताप असं सुरू होऊ शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जायचं किंवा व्यसनमुक्ती केंद्रात. पुण्यात मुक्तांगण आहे, अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, मुंबईत वांद्र्याहून १९८१ मध्ये सुरू झालेलं फादर जो परेरांचं कृपा फाउंडेशन आहे. रात्री-बेरात्री कोणाशी बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, दोन्ही फुकट.

वहिनींना हे पत्र वाचायला द्या, पुढचा भाग त्यांच्यासाठी. वहिनी, "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतीवर असतात, त्यातली कुठलीही पावडर-गोळी यांच्या जेवणात घालू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. आमच्या आईनं केलं होतं. कोणीतरी पुडी दिली, तिनं आमटीत कालवली, भाऊ बाहेर जाऊन प्यायला आणि तासाभरात तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, श्वास लागेना, बीपी पार खाली, रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले डायसल्फिरामसारखं काहीतरी पोटात गेलंय. ते दारू सोडवायचं औषध खोटं नाही, डॉक्टर देतात, पण ज्याला देतात त्याला सांगून, तपासण्या करून, आणि त्याची तयारी असेल तरच, कारण त्याच्यावर दारू पडली तर जिवावर बेततं. आईला अजून ती रात्र आठवली की रडू येतं. आणि भाऊ पुढं दोन वर्षं आमच्या हातचं जेवला नाही, ते वेगळंच.

त्यांच्याबरोबर जायचं का? ओपन मीटिंग असेल तर एकदा जरूर जा. पण पहिली मीटिंग त्यांची त्यांना करू द्या, तुम्ही शेजारी बसलात तर ते तुमच्यासमोर बरे दिसायला बघतील आणि आतलं आत राहील. तुमच्यासाठी वेगळी जागा आहे, अल-अनॉन, दारूड्यांच्या बायका, आई-बाप, बहिणी यांची, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन असते. मुक्तांगणचा बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे. मी अल-अनॉनला तीन वर्षं गेलेय. मला वाटायचं मी काय केलंय, मी कशाला जाऊ, आणि तिथं पहिल्याच दिवशी एक बाई म्हणाली की मी रोज त्याच्या शर्टाचा वास घेऊन मग धुवायला टाकायचे, आणि मला हुंदका आवरेना, कारण मीही तेच करत होते, भावाच्या रुमालाचा. बाटल्या शोधणं, खिसे तपासणं, कंपनीत खोटे फोन करून यांना ताप आहे सांगणं, हे सगळं आपणही सोडायचं असतं. ते सुद्धा एका दिवसात सुटत नाही.

दादा, गटारीचं. ग्रुप म्यूट करू नका, सरळ सोडा. नंतर विचारलं तर सांगा डॉक्टरांनी लिव्हरसाठी बंद सांगितलीय, सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. "एकच घे" म्हणणारा मित्र वाईट असतो असं नाही, पण एकावर थांबणं त्याला जमतं, आपल्याला जमत नाही, हे चार वेळा बघून झालंय. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट मागून घ्या, संध्याकाळी मीटिंग शोधा, तो दिवस सगळ्यांनाच अवघड म्हणून खोली भरलेली असते. मटण घरी करा, वहिनींना सांगा रस्सा झणझणीत हवा, पोट रिकामं ठेवू नका. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चारांत माणूस घसरतो असं तिथले जुने लोक सांगतात, तुम्ही तुमच्या चारही वेळा आठवून बघा, नाइट शिफ्टहून उपाशी आणि भांडून निघालात त्याच दिवसांत त्या निघतील असं मला वाटतं.

आणि घसरलातच तर. माझा भाऊ सात महिन्यांनी घसरला होता. लाजेनं तीन आठवडे मीटिंगला गेला नाही, त्या तीन आठवड्यांत जास्त प्यायला. मग एका संध्याकाळी जाऊन शेवटच्या बाकावर बसला, आणि चहावाले ते काका काय म्हणाले असतील? "आलास, बरं झालं," एवढंच. आणि कप अर्धा दिला.

मंगळवारी सातची मीटिंग आहे म्हणता, तर फर्स्ट शिफ्टहून घरी येऊन काहीतरी खा, पावणेसातला गेटवर पोचा, ज्याच्याशी फोनवर बोललात तो उभा असेल. गाड्या कोणाकोणाच्या आहेत ते बघत बसू नका. मीटिंग झाली की मला दोन ओळी लिहा, चहा कसा होता ते लिहा, सरांचं काही लिहू नका.

तुमची ताई